स्थैर्याचे गणित

गणिताशी माझे नाते फार जवळचे कधीच नव्हते. कलाशाखेची पदवी घेतली, मराठी आणि इतिहास शिकविण्याचे काम पत्करले, आणि शिक्षकांच्या खोलीत गणिताचे गुरुजी एखाद्या उदाहरणावर वाद घालू लागले की मी आपली निबंधांच्या वह्यांत डोके खुपसून बसते. असे असूनही गेले वर्षभर एका गणितज्ञ विदुषीचे चरित्र माझ्या मनात घर करून बसले आहे. कॅथलीन मोरावेट्झ हे तिचे नाव. हवा, पाणी यांसारखे प्रवाही पदार्थ कसे वाहतात आणि त्यांत उठणारे आघाततरंग कितपत टिकतात, हा तिच्या चिंतनाचा विषय. तिची समीकरणे माझ्या आवाक्याबाहेरची आहेत. परंतु तिने ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो प्रश्न मात्र इतका सरळ आहे, की विद्यार्थिमित्रांनो, तो तुमच्यापुढे ठेवावा असे मला वाटले.

कॅथलीनबाईंचा जन्म १९२३ साली कॅनडातील टोरोंटो शहरी झाला. वडील जॉन लायटन सिंज हे नामांकित आयरिश गणितज्ञ. प्रसिद्ध आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंज हे या वडिलांचे काका. भाषेच्या शिक्षिकेला हे सांगितल्यावाचून राहवत नाही! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिक्षण थोडे बाजूला ठेवून त्यांनी क्वेबेक येथे दारूगोळ्याच्या चाचणीच्या ठिकाणी काम केले, आणि १९४५ मध्ये टोरोंटो विद्यापीठाची पदवी मिळविली. पुढे काय? हिंदुस्थानात जाऊन शाळेत शिकवावे, असा त्या वेळी त्यांचा विचार होता. मी ते वाचले आणि क्षणभर पुस्तक मिटून ठेवले. कोण जाणे, आपल्याच एखाद्या गावच्या शाळेत त्या खडू घेऊन उभ्या राहिल्या असत्या! परंतु सिंज कुटुंबाच्या स्नेही सिसिलिया क्रीगर यांनी त्यांना उच्च शिक्षणाची वाट धरायला सांगितले. क्रीगर याच १९३० साली कॅनडातील विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री होत. ज्या बाईने स्वतः दार उघडले होते, तिनेच दुसरीला आत बोलाविले.

न्यूयॉर्कला आल्यावर त्यांच्या वाट्याला आलेले काम वरवर पाहता दुय्यम होते. रिचर्ड कूरांट आणि कुर्ट फ्रीड्रिक्स या दोघा गणितज्ञांचा आघाततरंगांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन कॅथलीनबाईंनी केले. दोघांचीही मातृभाषा जर्मन, ग्रंथ इंग्रजीत. वाक्य नीट करायचे तर त्यातला विचार आधी नीट कळावा लागतो. वह्या तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे पटेल. विषयाशी त्यांची ओळख झाली ती अशी, दुसऱ्याची वाक्ये सुधारता सुधारता.

आता आघाततरंग म्हणजे काय ते पाहू. माझ्या घरच्या कोकणीत लाटेला ‘ल्हार’ म्हणतात. किती मऊ शब्द! परंतु या लाटेत मऊपणा नावालाही नाही. हवेतून निरोप जातो तो ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर. विमान त्याहून सावकाश चालले असेल तर पुढच्या हवेला त्याची वर्दी आधीच पोचते आणि ती सावरून बाजूला होते. वेग त्यापलीकडे गेला की वर्दीआधीच पाहुणा दारात! हवेला सावरायला सवड मिळत नाही. दाब, घनता, तापमान ही सारी केसाहून कितीतरी पातळ अशा पडद्यात एकदम चढतात. हा पडदा म्हणजेच आघाततरंग. पावसाळ्यात वीज चमकते तेव्हा तिच्या मार्गातली हवा क्षणार्धात प्रचंड तापून फुगते, आणि असाच आघाततरंग उठतो. दूरवर येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो आणि आपल्याला ऐकू येतो तो गडगडाट.

याचेच एक पाण्यातले भावंड तुम्हांला घरी पाहता येईल. नळाखाली ताट पालथे धरा आणि पाण्याची सरळ धार त्यावर सोडा. धारेभोवती काचेसारखी गुळगुळीत, पातळ चकती दिसेल आणि तिच्या कडेला पाणी एकदम उंचावून वर्तुळ उमटेल. चकतीत पाणी त्याच्यावरच्या लाटेपेक्षा वेगाने धावते; वर्तुळाबाहेर सावकाश चालते. चकतीत पेन्सिलीचे टोक बुडविले तर मागे पाचरीसारखी रेघ उठते, पुढे मात्र त्याची खबर जात नाही. आता ताट किंचित हलवा. वर्तुळ वाकडेतिकडे होईल, सरकेल, पण मोडणार नाही. थोडे डिवचले तरी जे टिकते, ते गणिताच्या भाषेत स्थिर.

हाच तो सरळ प्रश्न. समीकरण सोडवून उत्तर काढले म्हणजे संपले, असे आपण शाळेत समजतो. कॅथलीनबाई पुढे विचारतात: परिस्थिती तसूभर बदलली तर हे उत्तर टिकेल काय? १९५१ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आत आत आकसत केंद्राकडे धावणारा गोलाकार आघाततरंग, आणि त्याच्या गोलपणात किंचित फरक पडला तर पुढे काय होते याचा विचार. आकसणाऱ्या आघाताचे हे गणित अणुबॉम्बच्या रचनेच्या शेजारचे, हे विसरून चालणार नाही. त्या काळच्या बऱ्याचशा गणिताला युद्धाची झळ लागलेली होती.

त्यांची खरी कीर्ती झाली ती विमानाच्या पंखावरील कामाने. विमान ध्वनीहून थोडे सावकाश उडत असले तरी पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तेथे ध्वनीहून वेगवान हवेचा एक कप्पा तयार होतो. या कप्प्यातून बाहेर पडताना हवा पुन्हा मंदावते, ती बहुधा आघाततरंगातून, झटक्याने. त्यामुळे विमानाला होणारा विरोध वाढतो, इंधन खर्ची पडते. मग असा एखादा आकार का शोधू नये, की ज्यावरून हवा वेग घेईल आणि हलकेच, आघाताशिवाय मंदावेल? कागदावर अशी काही उत्तरे मिळालेलीही होती, आणि त्यांवरून जाणकारांत वाद होता. १९५६ ते १९५८ या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन लेखांत कॅथलीनबाईंनी सिद्ध केले की असा निर्दोष आकार मिळाला, तरी त्याच्या त्या वेगवान कप्प्याखालच्या भागात यत्किंचित बदल केल्यास आघातरहित प्रवाह सामान्यतः उरत नाही. म्हणजे ते उत्तर खोटे नव्हते. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखे होते. कारखान्यात घडलेल्या पंखाला धूळ बसणार, त्याचा पत्रा अंशभर वाकणार, वाऱ्याचा वेग बदलणार. अशा पंखावर आघात अजिबात नको म्हणण्यापेक्षा तो सौम्य कसा राहील हे पाहणे शहाणपणाचे. आणि पुढे पंखांची रचना करणाऱ्यांनी तोच मार्ग चोखाळला.

एखादी गोष्ट नाही, हे सिद्ध करण्यात केवढे कष्ट असतात! इतिहासाच्या अभ्यासातही हा अनुभव येतो.

पुढील मानसन्मानांची यादी लांब आहे. न्यूयॉर्कच्या कूरांट संस्थेच्या त्या १९८४ ते १९८८ संचालक होत्या. १९९८ साली गणितातील कार्यासाठी अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. घरी चार मुले. कामावर असताना मुलांची काळजी वाटते का, असे त्यांना कोणी विचारले, तेव्हा मुलांजवळ असताना प्रमेयाचीच काळजी अधिक वाटते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मला हे उत्तर फार आवडले. १८ नव्हे, २८ नव्हे, चांगली ९४ वर्षे जगून २०१७ साली त्या निवर्तल्या.

यंदा दहावीतल्या एका मुलीची आई मला भेटायला आली. मुलीला गणितात उत्तम गुण, पण, “बाई, मुलीने गणित घेऊन पुढे करायचे काय? तुम्हीच तिला चार शब्द सांगा.” मराठीच्या बाई आपल्या बाजूने बोलतील, अशी तिची खात्री असावी. मी तिला क्रीगर आणि कॅथलीनबाईंची हकिगत सांगितली. ती ऐकत राहिली, हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. घरी विचारून सांगते म्हणाली. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आली. ताटाचा प्रयोग तिने करून पाहिला होता. “बाई, पाण्याऐवजी पेजेची धार सोडली तर वर्तुळ लहान होईल की मोठे?” मी तिला गणिताच्या गुरुजींकडे पाठवून दिले.