गादीची शिवण

महाबळेश्वरला भाड्याच्या बंगल्यात शिरलो. बायको चहा टाकत होती, मी गादीची शिवण उलटून पाहिली. काळे ठिपके, शाईचं पेन टेकवल्यासारखे. ढेकूणच! मालकाला फोन केला तर म्हणे, "साहेब, डोंगरात किडे असायचेच." डोंगराचा काय संबंध? ढेकूण येतो पाहुण्यांच्या बॅगांतून, आणि रक्तावाचून महिनोन् महिने तग धरतो. दुकानातल्या फवाऱ्याने तो धड मरतही नाही, उलट फटीफटींत पांगतो. फोटो काढले, भांडून खोली बदलून घेतली, बॅगा बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवल्या. घरी गेल्यावर कपडे थेट ६० अंशांच्या पाण्यात टाकायचे ठरलं. आईला चिंता वेगळीच: "शेजारी कुणाला बोलू नका हं!"