मधला परिच्छेद

आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत माझ्या भाचीला लेखनात ६ बँड मिळाले. तिच्या विद्यापीठाची अट ६.५ ची होती. "मामा, निबंध लिहायला मला तूच शिकवलंस," ती म्हणाली. स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य अधिक लागले.

तिची सरावाची वही घेऊन बसलो. या परीक्षेतल्या निबंधासाठी साधारण ४० मिनिटे असतात आणि किमान २५० शब्द लिहायचे असतात. प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीची सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण हे चार निकष सारख्याच वजनाचे. भाचीचे शब्द आणि व्याकरण नेटके होते. अडचण मधल्या परिच्छेदांत होती.

विषय होता, शहरातली बससेवा मोफत असावी का? तिच्या एकाच परिच्छेदात गरीब प्रवासी आले, मग प्रदूषण, मग आजोळची एसटी आणि शेवटी रस्त्यांची दुर्दशा. वाक्ये चांगली होती. पण एकही वाक्य आधीच्या वाक्याचे काही देणे लागत नव्हते. तीन ठिकाणी 'मोरओव्हर' होते. जोडशब्दाने संबंध दाखवता येतो, निर्माण करता येत नाही.

आम्ही तो परिच्छेद पुन्हा लिहिला. पहिल्या वाक्यात एकच विधान: मोफत बसमुळे कमी मिळकतीच्या माणसाला दूरचे कामही घेता येते. मग कारण: एरवी भाडे त्याच्या मजुरीतूनच जाते. मग उदाहरण: घरकाम करणारी बाई दोन बस बदलाव्या लागतात म्हणून जवळचे, कमी पगाराचे काम धरते. शेवटी पुन्हा मूळ प्रश्नाकडे: म्हणून हा खर्च शहराने उचलावा. आजोळची एसटी गाळताना ती हळहळली. खरे तर मीही.

हा निव्वळ साचा आहे, असे मला आधी वाटले. पण प्रत्येक वाक्यानंतर 'कशावरून?' किंवा 'म्हणजे काय?' असे विचारले, की पुढच्या वाक्यात त्याचे उत्तर मिळत होते. साच्यापेक्षा ही कसोटी मला मोलाची वाटली.

त्या रात्री स्वतःचा एक जुना शोधनिबंध काढला. त्यात दीड पानांचा एक परिच्छेद होता. चौथ्या वाक्याला 'कशावरून?' विचारले, तर पुढे उत्तराच्या जागी एक भारदस्त अवतरण उभे होते. आपण वर्गात आकर्षक सुरुवात शिकवतो, परिणामकारक शेवट शिकवतो. मधले आपोआप जमेल असे गृहीत धरतो. ललित निबंधाचा भटकण्याचा हक्क मला मान्यच आहे. माझा शोधनिबंध मात्र ललित नव्हता.

असो. भाची पुन्हा परीक्षेला बसते आहे. यंदा प्रथम वर्षाच्या पहिल्याच तासाला मी तो परिच्छेद, लेखकाचे नाव न सांगता, मुलांपुढे ठेवला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे कशावरून?" वाक्य चौथेच होते.