मांडवीवरची पंगत

समुद्रयात्रा कलिवर्ज्य प्रकरणांत मोडते, हें आम्ही पाठशाळेंत शिकलों आणि त्याचा उपयोग सोयीप्रमाणें करीत आलों. 2018 च्या ऑक्टोबरांत मुंबईहून गोव्यास ‘आंग्रिया’ नांवाची प्रवासी नौका सुरू झाली, तेव्हां गोव्यांत नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं तिकिटें काढण्याचा आग्रह धरिला. आम्हीं शास्त्र पुढें केलें. खरें कारण निराळें होतें. परक्या लोकांत बसून जेवावयाचें आणि वर नाचगाणें पाहावयाचें, हें पिंपळवंडीच्या निवृत्त मास्तरांस शोभेल काय, ही धास्ती! पुढें करोनाची सांथ आली, ती नौका बंद पडली, आणि आमचें सोंवळें अबाधित राहिलें.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही उभयतां गोव्यास गेलों असतां चिरंजीव हसून म्हणाले, “अण्णा, मांडवी ही नदी आहे, समुद्र नव्हे.” येथें शास्त्र संपलें. पणजीस मांडवीच्या पुलांजवळील धक्क्यावरून सायंकाळीं नौका सुटतात आणि मुखाच्या दिशेनें जाऊन परत फिरतात. कांहींवर नुसतें नृत्यगायन असतें, कांहींवर जेवणही. आमची नौका जेवणाची होती.

तेथील व्यवस्था पाहून आम्ही गांगरलों. पाट नाहीं, पान नाहीं, वाढपी नाहीं. ज्यानें त्यानें ताटली घेऊन मेजावरून वाढून घ्यावयाचें. शाकाहारी पदार्थ निराळ्या मेजावर होते, एवढा दिलासा. त्यांत खतखतें होतें. गोव्याकडे सणासुदीस होणारी ही मिश्र भाजी. कंद, शेंगा, तूरडाळ, ओलें खोबरें आणि वर तिरफळांचा वास. आमच्या कुटुंबानें पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि आंतील भाज्या एकेक ओळखून सांगितल्या. ताटलींतून वाफ निघत होती.

लग्नास चाळीस वर्षें झालीं. तेवढ्या अवधींत तिनें आमच्याबरोबर, आमच्याच वेळीं, गरम अन्न खाल्ल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आमचें आटोपल्यावर ती पानावर बसे; तोंवर भात निवलेला असे. त्या रात्रीं तिनें कोणास वाढावयाचें नव्हतें, म्हणून ती जेवूं शकली. तेव्हां मात्र हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं; आम्ही सोलकढी शोधीत होतों.

जेवणानंतर रंगमंचावर दिवे लागले. प्रथम कोरिदिन्यो हें पोर्तुगीज वळणाचें जोडीनृत्य झालें; नंतर देखणी. पैलतीरीं दामूच्या लग्नास निघालेली नर्तकी नावाड्यास विनविते. तो नदीस उधाण आहे म्हणून नाकारितो. मग ती अंगावरचे दागिने देऊं करिते. 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटानें हीच चाल देशभर पोंचविली. आम्हीं नातीस सारा अर्थ समजावून दिला, टाळ्याही वाजविल्या.

मग फुगडी आली. निवेदकानें प्रेक्षकांतील बायकांस वर बोलाविलें, आणि आमचें कुटुंब उठलें! तिनें एकदां आमच्याकडे पाहिलें. आम्हीं तोंड फिरवून बेतीच्या किनाऱ्यावरील दिवे पाहावयास आरंभ केला. माहेरीं फुगडींत तिचा हात धरणारी दुसरी नव्हती, असें आम्ही ऐकून होतों. पाहिलें कधींच नव्हतें. मंगळागौरीच्या रात्रीं आम्ही उशी घेऊन देवळांत निजावयास जात असूं. पाठीमागें टाळ्या वाढत गेल्या, कोणी शीळ घातली. आम्ही दिवे मोजीत राहिलों.

ती परत आली तेव्हां धापा टाकीत होती, कुंकू घामानें पसरलें होतें. “अहो, पाहिलीत ना?”

“हो, उत्तम झाली,” आम्ही म्हणालों.

ज्यानें जन्मभर मुलांस ‘सत्यं वद’ शिकविलें, त्याचें हें उत्तर!

दुसऱ्या दिवशीं नातीनें मोबाइलवर टिपलेलें छायाचित्र दाखविलें. पदर खोंचलेला, मान मागें टाकलेली, आणि मुखावर असें हास्य कीं, आम्हांस ती क्षणभर ओळखूं येईना. कोपऱ्यांत आमची टोपी आणि आमची पाठ. तें चित्र तिनेंही पाहिलें. दोन बोटांनीं मोठें केलें, आमच्या पाठीपाशीं किंचित् थांबली, आणि मोबाइल परत देऊन म्हणाली, “नदी छान आली आहे हो.”

बोलली असती तर बरें झालें असतें.

येत्या श्रावणांत शेजारच्या नव्या सुनेची मंगळागौर आहे. यंदा उशी घेऊन देवळांत जावयाचें नाहीं, ओसरीवरून दिसेल तेवढें पाहावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. घरीं दोघांनीं एकदमच जेवावयास बसावें, हेंही परवां सुचवून पाहिलें. तिला तें पटेना. “मग तुम्हांला तव्यावरची पोळी कोण वाढणार?” असें तिनें विचारलें. उत्तर कठीण नाहीं. आम्हांसच उठून दोघांचीं पानें वाढावयास शिकलें पाहिजे. साठी उलटल्यावर हा धडा थोडा जड जातो, एवढेंच.