दोन कालव्यांचे गाव

दिवाळीच्या सुट्टीत आम्हा शिक्षकांना तीन आठवड्यांची उसंत मिळते. यंदा ती केरळातील आलप्पुळा नगरीत घालवावी, असा बेत सौभाग्यवतींनी आणि मी केला. या गावाचे जुने नाव आलेप्पी. कोणी त्याला 'पूर्वेकडील व्हेनिस' म्हणतात. मला मात्र त्या उपमेपेक्षा गावाच्या इतिहासाचे कुतूहल अधिक होते. बडोद्याहून निघालेली गाडी कोकणातील बोगदे ओलांडीत दक्षिणेकडे धावू लागली, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर जिकडेतिकडे माड आणि पाणी दिसू लागले.

आलप्पुळा हे आपोआप वाढलेले गाव नव्हे. ते योजून वसविलेले बंदर आहे. कोलाचलच्या लढाईत १७४१ साली त्रावणकोरच्या मार्तंडवर्मा महाराजांनी डचांचा पराभव केला, तरी कोचीचे बंदर डचांच्याच हाती होते. आपली मिरी आपल्याच बंदरातून परदेशी जावी, ही त्रावणकोरची गरज होती. मार्तंडवर्मांचे वारस धर्मराजा कार्तिक तिरुनाळ रामवर्मा (१७५८–१७९८) यांच्या कारकिर्दीत ती पुरी झाली. राजा केशवदास या कर्तबगार दिवाणांनी वेंबनाड सरोवरापासून समुद्राच्या दिशेने जवळजवळ समांतर असे दोन कालवे खणविले. एक वाडै कालवा, दुसरा व्यापारी कालवा. कुट्टनाडचे तांदूळ, डोंगराकडची मिरी, वेलदोडे आणि सुंठ, किनाऱ्यावरचे खोबरे आणि काथ्या हे सारे 'केट्टुवळ्ळम' नावाच्या मोठ्या होड्यांतून थेट वखारींच्या दारी येऊ लागले. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात.

पण बंदर म्हणावे, तर येथे खाडी नाही आणि आडोसाही नाही. समोर उघडा अरबी समुद्र. मग गलबते थांबत कशी? याचे उत्तर निसर्गाने दिले आहे. पावसाळ्यात या किनाऱ्याजवळ मऊ चिखलाचे थर वर येतात आणि लाटांचा जोर गिळून टाकतात. चहूकडे समुद्र खवळलेला असताना तेवढाच पट्टा शांत राहतो. मल्याळी लोक त्याला 'चाकरा' म्हणतात. अशा पाण्यात जहाजे नांगर टाकीत आणि माल होड्यांतून ये-जा करी. पुढे त्यासाठी समुद्रात लांबवर धक्का बांधण्यात आला. दीपगृह १८६२ सालचे आहे. त्याचे तांबडे-पांढरे पट्टे आजही दुरून ओळखू येतात; धक्क्याचे मात्र गंजलेले खांब तेवढे लाटांत उभे आहेत.

हे बंदर मोडले ते कोणा शत्रूने नव्हे. कोचीला इंजिनियर रॉबर्ट ब्रिस्टो यांनी वाळूचा बांध खणून खोल बंदर तयार केले आणि १९२८ पासून मोठी जहाजे तेथे आत जाऊ लागली. आलप्पुळ्याचा व्यापार हळूहळू तिकडे सरकला. अखेर १९८९ साली येथील बंदराचे काम थांबले, आणि त्याच वर्षी गावात रेल्वे आली! उरला तो काथ्याचा धंदा. जेम्स डॅरा यांनी १८५९ साली येथे पहिला काथ्याचा कारखाना काढला होता. नारळाची सोडणे पाण्यात महिनोन्महिने कुजवून, कुटून, वळून केलेल्या सुंभाच्या चटया आजही येथे विणल्या जातात.

कालव्याच्या काठाने चालताना 'गुजराती स्ट्रीट' अशी पाटी दिसली आणि पाय आपोआप तिकडे वळले. केशवदासांनी कच्छ, सुरत आणि मुंबईकडील व्यापाऱ्यांना सवलती देऊन येथे बोलावले होते. गोव्याहून पूर्वीच केरळात आलेली कोंकणी मंडळीही या गावात नांदली. एका जुन्या वखारीच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी गुजरातीत 'केम छो' म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. आत बोलावून त्यांनी चहा दिला. हमालाशी ते अस्खलित मल्याळीत बोलत, माझ्याशी गुजरातीत.

"आमची ही पाचवी पिढी," ते म्हणाले. "पूर्वी नवरात्रात या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे. आता घरे बोटांवर मोजावी. मुलगा कोइमतूरला आहे. नातू हुशार आहे; पण गुजराती अक्षर त्याला लागत नाही."

त्यांनी फडताळातून एक वही काढली. पणजोबांच्या हातची जमाखर्चाची वही होती ती. "मी गेल्यावर ही कोण वाचणार, साहेब?" असे म्हणून त्यांनी विचारले, "तुमच्या बडोद्याची मराठी मुले मराठी वाचतात ना?"

मी हो म्हणालो. पण ते पुरते खरे नव्हते. गायकवाडांच्या फौजेमागून आपले पूर्वज गुजरातेत आले त्याला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात आजही मराठी कानी पडते. तरी माझ्या शाळेच्या मराठी वर्गात यंदा अवघी अकरा मुले आहेत, आणि पुढील वर्षी तो वर्ग ठेवावा की नाही, याविषयी वरून माझा अभिप्राय मागविला गेला आहे. ते पत्र मी टेबलाच्या खणात ठेवूनच प्रवासाला निघालो होतो.

संध्याकाळी जलवाहतूक विभागाच्या बोटीतून आम्ही नेडुमुडीपर्यंत गेलो. कालव्यात कोठे जलपर्णी माजली होती, कोठे गाळ उपसून पाणी मोकळे केलेले होते. शासनाने अलीकडे वारसा म्हणून हे कालवे आणि जुन्या वखारी सुधारण्याचे काम हाती घेतले आहे. माल आता या मार्गाने येणार नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी कालवा बुजू द्यायचा नाही, एवढे त्यांनी ठरविले आहे. शाळेतून परतणारी मुले बोटीत चढत होती, आपापल्या घराच्या पायरीशी उतरत होती. त्यांच्यासाठी तो कालवा आजही रस्ताच होता.

परत आल्यावर शाळा उघडली त्या दिवशी मी खणातले ते पत्र काढले. विद्यार्थिसंख्या अकरा असली तरी वर्ग चालू ठेवावा, असा अभिप्राय लिहिला आणि सही केली. मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. त्या वृद्ध गृहस्थांना मात्र मी गुजराती लिपीत एक पत्र पाठविले आहे. ते त्यांना वाचता येईल, आणि कदाचित नातवाला ते वाचूनही दाखवतील.