शीळफाट्यावरची हिरवी शिकार

भगिनींनो, रानात जाऊन सांबर मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आज गुन्हा आहे. पण पावसाळा लागला की एक शिकार आपल्या वाट्याला उरतेच, ती रानभाजीची!

कल्याणहून येणारा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो, तो शीळफाटा. चार सरी पडल्या की कडेला टाकळा असा तरारतो, की हात शिवशिवावेत. पण थांबा! दिवसरात्र ट्रकांचा धूर खाल्लेला तो पाला मुलांच्या ताटात नको.

तेव्हा बेत नीट आखा. रस्ता सोडून आत, डोंगराच्या बाजूला जायचं. वनखात्याची हद्द असेल तर आधी विचारायचं. भाजी ओळखणारी जाणती बाई सोबत हवीच. ओळख पटली नाही तर ते पान पिशवीत टाकायचं नाही. कोवळे शेंडे खुडा, मुळं उपटू नका. कर्टोलीचा कंद जमिनीत राहिला तरच पुढच्या पावसात वेल येतो. शेवळं मिळाली तर काकडं किंवा चिंच घालूनच शिजवा, नाहीतर घसा खाजलाच म्हणून समजा.

आणि जाणं जमलंच नाही तर? कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. कोणती कशी करायची, ते त्यांनाच विचारा. भावात मात्र घासाघीस नको हं! चिखल तुडवून, काटे सोसून आणलेली शिकार आहे ती.