देवळीतली बाटली

जुलै २०२३. अधिक महिना लागला तसा मी आळंदीला माउलींचं दर्शन घेऊन आलो. तिथं डोळ्यांची साथ होती. थोड्याच दिवसांत रुग्ण दोन हजारांच्या वर गेल्याचं पेपरात आलं. मी काही मनावर घेतलं नाही.

आठवड्यानं लेक, जावई अन् नातू हडपसरहून धोंड्याला आले. त्याच दिवशी सकाळी उठलो तर पापण्या चिपडानं घट्ट चिकटलेल्या. डोळे लालभडक, आत वाळू गेल्यासारखं खुपतंय.

डोळे आले की देवळीतली बाटली काढायची, हा आमच्या घरचा नेम. ती बाटली आदल्या साली तात्याचा, म्हंजे थोरल्या भावाचा, कान वाहत होता तेव्हाची. वर 'आय/इअर' असं दोन्ही छापलेलं. एकाच फवारणीत मावाही जावा अन् करपाही, शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? बाटली फोडल्यावर महिन्याभरानं टाकून द्यायची असते, हे आमच्यात कुणी वाचलंय! टोक पापणीला टेकवून मी थेंब सोडले.

नातू शेजारीच उभा. त्याचे डोळे चांगले पांढरेस्वच्छ होते. म्हटलं, आधीच घातलेलं बरं. त्याच बाटलीतले दोन-दोन थेंब त्यालाही घातले. लेक म्हणाली, "दादा, नका ना घालू." मी ऐकलं नाही.

मला गुण येईना म्हणून मेडिकलमधून दुसरे थेंब आणले. दोन दिवसांत लाली गेली. मी खूश. बाटली संपली तसं डोळ्यांपुढं धुकं आलं. तेवढ्यात लेकीचा फोन, पोराचे दोन्ही डोळे सुजलेत.

तिनं आम्हा दोघांना पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, आळंदीचे नमुने आपल्या पुण्यातच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले. अ‍ॅडिनो नावाचा विषाणू निघाला. अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, विषाणूवर नाही." मला लगेच कळलं. बुरशीनाशक मारून अळी मरत नाही. माझ्या दुसऱ्या थेंबांत स्टिरॉइड होतं. त्यानं लाली दबते, रोग दबत नाही, अन् डोळ्यातला दाब वाढू शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घालायचं नाही.

पोराला थेंब दिलेच नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायचे, टॉवेल-उशी वेगळी, हात धुवायचे. बाटलीचं टोक डोळ्याला लावलं की रोग बाटलीत जातो अन् बाटलीतून पुढच्याकडं, हेही बाईंनी सांगितलं. तेव्हा लेक खिडकीबाहेर बघत होती. एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दहा-बारा दिवसांत पोरगं शाळेला जायला लागलं. माझं धुकं मात्र दिवाळीपर्यंत राहिलं. रात्री गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसायचं. बाईंकडं चार खेपा झाल्या.

दिवाळीत तात्या आला, कान धरून. "ती बाटली दे रे." बाटली मी कधीच उकिरड्यात टाकली होती. लहानपणी वडील त्याच्या कानात लसूण घालून कढवलेलं तेल सोडायचे. पुढं आम्ही मिळतील ते थेंब सोडले. या खेपेला त्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. पडद्याला भोक निघालं. असं भोक असलं की काही थेंब आतल्या कानात उतरून ऐकूच घालवतात, असं डॉक्टर म्हणाले.

तात्यानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतोय त्यो?"

मी त्याच्या चांगल्या कानाकडं जाऊन बसलो.