ट्यूबची मागची बाजू

पहिली पुटकुळी आली तेव्हा मी नववीत होते. बारावीपर्यंत कपाळ आणि दोन्ही गाल भरून गेले. उन्हाळ्यात जास्तच व्हायचं. त्या दिवसांत आई मांढळला मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जायची, आणि सुट्टी लागली की मीही तिच्याजवळ जाऊन बसायची. समोर लाल मिरचीचा ढीग, अंगाला घाम, घशात ठसका. त्या हाताचं बोट चुकून गालाला लागलं आणि तिथे फुटलेली पुळी असली, तर जी आग उठायची ती पाण्यानं विझायची नाही. बाया म्हणायच्या, "पोरी, तोंडाले हात नको लावू वं." मग एकेकीचा उपाय निघायचा. लिंबू चोळ, टूथपेस्ट लाव, खोबरेल तेल लावून झोप. मी सगळं केलं. लिंबानं कातडी सोलली. टूथपेस्ट जिथे लावली तिथे पुटकुळी गेली आणि काळा डाग राहिला. तेलानं कपाळावर बारीक दाणे उठले.

आमच्या सावळ्या कातडीवर पुटकुळी आठ दिवसांत बसते, पण तिचा डाग महिनोन्महिने जात नाही. लोकांना दिसतो तो डाग. म्हणून 2021 मध्ये मावसबहिणीच्या लग्नाआधी मी औषधाच्या दुकानात गेले तेव्हा माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, "पिंपल्स आणि डाग, दोन्हींवर काहीतरी द्या." दुकानदारानं एक छोटी ट्यूब दिली. ना चिठ्ठी मागितली, ना किती दिवस लावायची ते सांगितलं.

आठव्या दिवशी पुळ्या बसल्या. पंधराव्या दिवशी चेहरा उजळला. लग्नात ज्या बाया एरवी माझ्याशी बोलताना कपाळाकडे बघायच्या, त्याच हनुवटी धरून म्हणत होत्या, "किती गोरी झाली वं!" मला पुटकुळ्या घालवायच्या होत्या, गोरं व्हायचं नव्हतं. पण ते कौतुक इतकं गोड लागलं की ट्यूब संपली तशी दुसरी आणली, मग तिसरी. वर्षभर लावली. माझं खरं व्यसन त्या कौतुकाचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे चुलीसमोर बसलं की चेहरा जळायला लागला. ऊन सोसेना. गालांवर केसांसारख्या बारीक लाल शिरा दिसू लागल्या, ओठांवर लव वाढली. दोन दिवस ट्यूब बंद केली तर आधी कधी नव्हत्या इतक्या, सगळ्या एकसारख्या लाल पुळ्या उठल्या. पुन्हा लावली की बसल्या. त्यामुळे मला वाटायचं, औषध चांगलं आहे, मीच सोडते म्हणून होतं.

शेवटी आईनं हाताला धरून नागपूरला नेलं, सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात. डॉक्टर मॅडमनी चेहरा बघितला आणि लगेच विचारलं, "काय लावतेस ते आणलंयस?" मी ट्यूब दिली. त्यांनी ती उलटी केली. वर्षभरात मी ती ट्यूब कधी उलटी केली नव्हती. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत तीन नावं होती, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. आणि एक उभी लाल रेघ. मॅडम म्हणाल्या, "हे पिंपलचं नाहीच. वांगाचं औषध आहे, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांसाठी. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. ते सूज आणि लाली दाबतं म्हणून आधी बरं वाटतं, मग कातडी पातळ करतं आणि स्वतःच पुटकुळ्या आणतं." अशा चेहऱ्याला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलंय, इतक्या जणी येतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. लाल रेघ त्याचीच खूण.

घरी आल्यावर मी ट्यूब कपाटात फेकली आणि रागारागानं आईला म्हणाले, "पिंपलचं नव्हतंच हे. वांगाचं औषध होतं."

पुढचे तीन महिने फार वाईट गेले. स्टेरॉइड सुटल्यावर चेहरा उसळतो, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं म्हणून टिकले. पोटात घ्यायच्या गोळ्या होत्या, चेहऱ्यावर मात्र फक्त तीन गोष्टी: साधा, वास नसलेला फेसवॉश दिवसातून दोनदा, हलकं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं मला वाटायचं. पण औषधानं आणि सतत धुण्यानं कातडी कोरडी पडली की ती आणखी चिडते. सनस्क्रीन जेलचं, एसपीएफ 30 किंवा जास्त. नागपूरकडच्या मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, जाड पांढरं क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. शिवाय डाग ऊन लागून आणखी गडद होतात, म्हणजे डागांवरचं पहिलं औषध सनस्क्रीनच.

चेहरा शांत झाल्यावर रात्री लावायला ॲडापालीन दिलं. सबंध चेहऱ्याला वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून तेल येतं, मृत पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते; ॲडापालीन ते तोंड बुजू देत नाही. पण सावकाश. पहिले काही आठवडे सालं निघतात, खरा फरक दिसायला बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत गोरं करणाऱ्या ट्यूबनंतर बारा आठवडे थांबणं किती अवघड असतं, ते मी अनुभवलंय. उरलेल्या मोठ्या पुळ्यांवर अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड. त्यानं माझ्या निळ्या उशीच्या खोळीवर पांढरे चट्टे पडले.

आता आमच्या कुहीतल्या कुठल्याही दुकानात मी आधी वस्तू उलटी करते. 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलंय का? मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं की परत ठेवते. दाणेदार स्क्रब घेत नाही. 'हर्बल' या शब्दावर विश्वास ठेवत नाही. आणि ज्या डबीवर काहीच छापलेलं नाही, तिला तर हातही लावत नाही. एक गोष्ट मात्र विकत घ्यायची नव्हतीच. गाडीवर जाताना आम्ही मुली तोंडाला स्कार्फ गच्च बांधतो. घामानं ओला झालेला तोच स्कार्फ मी आठवडाभर वापरायची. आता तीन सुती स्कार्फ आहेत, रोज एक धुते. हनुवटीच्या पुळ्या त्यानंच कमी झाल्या, असं मला वाटतं.

2023 मध्ये अकोल्याची बातमी वाचली. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघी एकच क्रीम लावत होत्या, तिघींना किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधलं तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडीचा रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो, आणि कातडीतून रक्तात जाऊन किडनी बिघडवतो. आपल्याकडच्या नियमानं चेहऱ्याच्या क्रीममध्ये तो मिसळायचाच नाही; नकळत आला तरी दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. बातमी वाचताना माझी नजर 'तिची आई' या शब्दांवर अडकली.

मी उठून कपाट उघडलं. माझी जुनी ट्यूब तिथे नव्हती. आईच्या बांगड्यांच्या डब्यात सापडली, चेपून सपाट झालेली, आणि शेजारी तशीच एक नवी. इतकी वर्षं सातऱ्यावरच्या उन्हात बसून आईच्या दोन्ही गालांवर वांग आलेत. माझ्या त्या रागातलं तिनं एवढंच ऐकलं होतं, की हे वांगाचं औषध आहे. रिकामी ट्यूब दुकानात दाखवून ती नवी आणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही नागपूरला निघालो. दोन्ही ट्यूब माझ्या पर्समध्ये होत्या. आईनं पदर गालांवर ओढून घेतला होता. कुही फाटा गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तुह्यावानी माह्यंबी तोंड लाल होईन का वं?"

"होईल आई. काही दिवस."

ऊन आमच्या बाजूला आलं तसं मी तिला उठवलं आणि खिडकीशी स्वतः बसले.